"लाडू रवा" वाचणाऱ्या पोरीसाठी घेतलेली पॉलिश पेपरची अक्षरं

आमची लेक साडेपाच वर्षांची, सिनियर केजीत. दिवाळीत आजीने पाटीवर "लाडू खा" लिहिलं आणि हिने मोठ्यांदा वाचलं "लाडू रवा", सगळे हसले, ती रुसली, आणि लाडू खरंच रव्याचे असल्यामुळे मी बरोबरच वाचलं यावर ती ठाम. पण मग लक्ष दिलं तर घरचं धर होतंय, भातचं मात होतंय, ३ लिहायला सांगितला की ६. मला टेन्शन, डोळे तपासून आणले, नंबर शून्य.

म्हणून ही कार्डं मागवली. ४८ लाकडी पाट्या, त्यावर पॉलिश पेपरची कापून चिकटवलेली अक्षरं नि आकडे, साडेअकराशे रुपये. माँटेसरी पद्धतीतलं हे जुनं साधन, अक्षर नुसतं बघायचं नाही, तर दोन बोटांनी गिरवायचं आणि सोबत उच्चारायचं.

हे का चालतं ते ३ नि ६ वर कळलं. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच, पोरं जन्मल्यापासून हेच शिकलेली असतात आणि मग एक दिवस आपण सांगतो की नाही बाई, हेच चित्र उलटं केलं की आकडा बदलतो! इंग्रजीतला छोटा बी आणि डी तर एकच काठी नि पोट, फक्त तोंड फिरवलेलं. डोळ्याला ते एकच दिसतं पण बोट कुठून निघून कुठे वळलं हे हाताला वेगळं कळतं. ३ बऱ्यापैकी सुटला, अजून अधूनमधून उलटा येतो, या वयात येतोच, मी आता घाबरत नाही.

मराठी अक्षरांचं दुखणं मात्र वेगळं आणि तिथेच या सेटने माती खाल्लीय. घ आणि ध मध्ये फरक तो केवढा, ध ची वरची गाठ आणि शिरोरेघेतली फट. त्यात पोरं आधी अक्षरं काढतात आणि मग अख्ख्या शब्दावर एकच रेघ ओढतात, फट गायब! अशा वेळी कार्डावर ती गाठ ठसठशीत हवी, तर इथे तांदळाच्या कणीएवढी, बोटाला लागतच नाही. ख चे दोन भाग खाली जोडलेले हवेत तर सुटे, म्हणजे परत रवच. ल आणि श हिंदी वळणाचे, आपल्याकडे २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पाकळीचा ल आणि देठाचा श, पुस्तकात एक नि कार्डावर दुसरंच.

सोबतच्या कागदात लिहिलंय घ-ध, भ-म शेजारी ठेवून शिकवा. आम्ही केलं, जास्तच गोंधळ. मग पंधरा दिवस नुसता घ, तो पक्का झाल्यावर ध काढला तेव्हा कुठे जमलं.

टिकाऊपणा यथातथा, महिन्यात कडा निघाल्या, दोन कार्डं बदलून मिळाली, तेवढं बरं. आकड्यांसाठी घ्यायचा तर घ्या, अक्षरांसाठी नको, पाचपैकी अडीच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडीत शिंपले, बिया, पानांवर भागवलं होतं आणि मी बसलेय पैसे घालवून. सध्या आजीने ताटात रवा पसरून दिलाय, त्यात लेक बोटाने ख गिरवते, खालची गाठ मारताना मुद्दाम जोरात "खा" म्हणते.