20,250 रुपयांचं ‘अस्सल’ अत्तर

मला अत्तरातलं कळतं, असं मी डिसेंबरापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. लग्नकार्याचं अत्तर कुठून आणायचं हे नातेवाईक मला विचारून ठरवायचे. म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. अडाणी माणूस फसला तर लोक हळहळतात, जाणकार फसला तर हसतात. हसा, पण बाटलीला हात लावण्याआधी पुढचं वाचा.

आधी हिशोब. हातमाग-हस्तकलेच्या प्रदर्शनात ‘थेट कन्नौजहून’ (उत्तर प्रदेशातलं अत्तराचं गाव) अशी पाटी लावलेला स्टॉल होता. रूह गुलाब 10 मिली, 2,400 रुपये. चंदनाचं तेल दोन तोळे, 3,000. शमामा (मसाल्या-वनस्पतींचं जड अत्तर) एक तोळा, 900. झाले 6,300. पुतणीचं लग्न तोंडावर होतं, पाहुण्यांना द्यायला 50 कुप्या सांगितल्या, 250 ला एक. ते 12,500 आगाऊ, यूपीआयने. आठव्या दिवशी फोन आला, ‘काका, माल ट्रान्सपोर्टला जीएसटीत अडकलाय, 1,450 भरा, डिलिव्हरीला वजा करतो.’ तेही भरले. एकूण 20,250. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. दहाव्या दिवसापासून नंबर बंद, डीपी गायब. बिल म्हणजे गुलाबी कागदावरचं कच्चं बिल, त्यावर ना पत्ता ना जीएसटी क्रमांक.

कुप्यांचे पैसे गेले त्याचं दुःख वेगळं. मला खरी चीड येते ती स्टॉलवरच्या त्या एका वाक्याची. त्याने काचेची काडी माझ्या मनगटाला टेकवली आणि म्हणाला, ‘असली रूह आहे काका, चंदनाच्या बेसवर काढलेली.’

आणि मी मान डोलावली!

रूहला बेस नसतो. रूह म्हणजे फुलाचं निव्वळ तेल. बेस असतो तो अत्तराला. कन्नौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी भरतात, झाकण माती-कापसाने लिंपतात आणि बांबूच्या चोंग्यातून म्हणजे नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात उतरवतात. भपका पाण्याच्या हौदात गार राहतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. ते तेल वास धरतं, ते झालं अत्तर. तेल न ठेवता नुसत्या फुलाचं तेल वेगळं काढलं तर ती रूह. ‘बेसवर काढलेली रूह’ म्हणजे ‘बिनदुधाची बासुंदी, म्हशीच्या दुधातली’. एवढं ठाऊक असलेला माणूस तिथे खुळ्यासारखा हुंगत उभा होता.

माझी बाजूही मांडतो. त्याने आधी शमामा हुंगवला, मग हिना, मग खस, आणि शेवटी गुलाब. जड वास आधी दिले की नाक बधिर होतं आणि नंतरचा हलका वास जेमतेम कळतो. हा चुकून लागलेला क्रम नव्हे, ही धंद्यातली चलाखी आहे. म्हणून एका वेळी तीनच वास घ्या, हलक्याकडून जडाकडे. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची फॅशन आहे, त्यापेक्षा बाहेर जाऊन पाच मिनिटं मोकळी हवा घ्या.

दुसरी खूण तर समोर सांडलेली होती. सकाळची वेळ, थंडी कडाक्याची, टेबल लोखंडी, आणि बाटलीतली ‘रूह’ पाण्यासारखी खळाळत होती. गुलाबाच्या खऱ्या तेलात मेणासारखा अंश असतो. वीस अंशांच्या आसपास आणि त्याखाली त्यात सुईसारखे पांढुरके स्फटिक धरायला लागतात, बाटली मुठीत धरली की विरघळतात. घरी आणून मी ती बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी काच दवाने भरलेली आणि आत तेल तसंच डुचमळतंय. एक कण नाही. (स्फटिक दिसले म्हणजे खरंच, असंही धरू नका. मेण घालून गोठवणारेही आहेत. पण गोठलंच नाही तर विषय तिथेच संपला.)

आकडेमोड तर शाळकरी पोरानेही केली असती. एक किलो गुलाबतेलाला साधारण 3,500 ते 4,000 किलो फुलं लागतात. 10 मिली म्हणजे साडेआठ ग्रॅम, म्हणजे 30 ते 34 किलो फुलं. 2,400 रुपयांत फुलांना किलोमागे 70-80 रुपये आले. त्यातच तोडणी, सरपण, कारागीर, वाहतूक, स्टॉलचं भाडं आणि त्याचा नफा? चंदनाचंही तेच. खऱ्या चंदनतेलाचा भाव ऐकून घाम फुटतो, म्हणून तर आज बहुतेक अत्तरांचा बेस चंदन नसून लिक्विड पॅराफिन नाहीतर डीओपी नावाचं स्वस्त रसायन असतो. बेस चंदनाचा नाही याला माझी हरकत नाही, स्वस्त अत्तर स्वस्त म्हणून विका. चंदन म्हणून विकलंत की ती चोरी झाली.

त्याने पेल्यातल्या पाण्यात थेंब टाकून दाखवला होता, ‘बघा तरंगतं, शुद्ध आहे.’ पॅराफिनही तरंगतं. खोबरेलही तरंगतं. या चाचणीत शुद्धतेचं काहीच कळत नाही. ‘कागदावर डाग पडत नाही’ हीसुद्धा थाप. चंदनाचं तेल जड असतं, लवकर उडत नाही, त्याचा तेलकट डाग बराच वेळ राहणारच. बिनडागाचा उडून जातो तो स्पिरिटचा स्प्रे.

करायची चाचणी कंटाळवाणी आहे, पण फुकट आहे. कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्या, त्यावर नाव-वेळ लिहा आणि स्टॉलवरून निघून जा. पंधरा मिनिटांनी, दोन तासांनी, रात्री आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. खरं चंदन सुरुवातीला ‘एवढंच?’ वाटतं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं. माझ्या बाटलीने पहिल्या मिनिटाला नाक फोडलं, दोन तासांत गुलाब गेला, आणि मागे नव्या रेक्झिनसारखा वास उरला. विक्रेता ‘आजच्यापुरता भाव’ म्हणाला की खिशात हात घालू नका. उद्या येऊ म्हणा. उद्या तो नसेल तर पैसे वाचले.

तोळ्याचीही गंमत ऐका. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. चंदनाच्या, मिळून दोन तोळ्यांच्या बाटल्या ओळखीच्या सोनाराकडे नेल्या, भरलेल्या तोलल्या, तेल दुसरीकडे ओतून रिकाम्या तोलल्या. हवं होतं 23.32, भरलं 17.4 ग्रॅम. नक्षीदार कुपीचा तळ बोटभर जाड असतो, आतली जागा बाहेरून कळतच नाही. म्हणजे माल खोटा, आणि खोटा मालही कमी! कुपी घेताना मिलीत किंवा ग्रॅममध्ये लिहून मागा. ‘तोळा’ हा शब्द अत्तरवाल्याच्या तोंडी रबरासारखा ताणतो.

आता तक्रारीची कथा. चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी बाटली उघडली, हुंगली आणि म्हणाले, ‘वास तर छान येतोय की!’ मी रूह, बेस, स्फटिक असं सांगायला लागलो तर शेजारचा म्हणाला, ‘काका, पैसे तुम्हीच दिले ना, स्वखुशीने?’ फसवणुकीत पैसे नेहमी स्वखुशीनेच दिले जातात हो, हिसकावले तर त्याला लुटणं म्हणतात! 420 ची तक्रार घ्या म्हटलं तर उत्तर मिळालं, ‘ते आता 420 राहिलं नाही.’ बरोबर आहे, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. कलम बदलल्याचं त्यांना पाठ, तक्रार लिहून घ्यायला मात्र पेन मिळेना. साधा अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे. आणि उशीर केलात. उशीर का केला? तर त्याने दहा दिवसांचा वायदा दिला होता, मी वायदा पाळत बसलो. तुम्ही बसू नका. संशय आला त्या मिनिटाला 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. ‘आणखी थोडे भरा म्हणजे अडकलेलं सुटेल’ हे वाक्य म्हणजेच तो मिनिट.

वजनमापवाल्या कार्यालयात सांगितलं, बाटलीवर छापील लेबल नाही, सुटा माल आहे, दुकानाचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? सौंदर्यप्रसाधनं बघणाऱ्या कार्यालयात एका साहेबांनी मलाच विचारलं, ‘अत्तर आमच्याकडे येतं का?’ दोन मजले, तीन टेबलं, एक ‘जेवणाची सुट्टी’, आणि शेवटी ‘ऑनलाइन टाका’. प्रदर्शनाचे आयोजक म्हणाले, स्टॉल रोखीने दिला, ओळखपत्राची झेरॉक्स ‘बहुतेक’ होती. सगळ्यांकडे नियम आहेत, आणि प्रत्येक नियम पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. लेबलावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख, एमआरपी, निव्वळ माप हे सगळं लागतं. ते नसेल तर खरेदीही नको, कारण पुढे तक्रारही उभी राहत नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण प्रतिवादी म्हणून कोणाचं नाव लिहू? ‘कन्नौजवाले’?

नुकसान पैशांवर थांबलं नाही. बायकोने तो ‘गुलाब’ शालूच्या पदराला लावला, तिथे बशीएवढा तेलकट डाग पसरला, ड्रायक्लीनवाल्यानेही हात टेकले. अत्तर रेशमाला, जरीला, मोत्यांना लावायचंच नाही, खरं असलं तरी. कानाच्या पाळीमागे, मनगटावर एक ठिपका, किंवा कानात कापसाचा फाया. मनगटं एकमेकांवर घासू नका. नवीन अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

माझं जुनं चंदन मात्र शाबूत आहे. गडद काचेत, काठोकाठ, काचेचं बूच लावून, कपाटाच्या खालच्या अंधाऱ्या खणात. खिडकीत नाही, बाथरूममध्ये नाही. रबरी ड्रॉपर बाटलीला लावून ठेवू नका, रबर मऊ होऊन तेलात वास उतरतो. बाटली अर्धी झाली की लहान कुपीत ओता, आतली हवा तेल बिघडवते. लिंबू-संत्र्याच्या वासाची अत्तरं लवकर उतरतात, ती थोडीच घ्या.

नमुना तपासून घ्यायचा असेल तर कन्नौजमध्येच सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे तेलातले घटक सुटे करून, तेलाची तपासणी होते. माझा 10 मिलीतला अर्धा हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवलाय. उरलेला फ्रिजच्या दारात आहे. त्याच सभागृहात पुढच्या महिन्यात पुन्हा प्रदर्शन भरतंय, अत्तराच्या स्टॉलचं नाव वेगळं छापलंय. त्या दिवशी सकाळी दहाला मी ती बाटली खिशात घालून तिथे उभा असेन.