पुरात हेलिकॉप्टर मागवायचं, पण कोणतं?

माझा भाचा विदर्भातल्या एका जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षात काम करतो. पावसाळ्याआधी त्याला एक टिपण द्यायचंय: शोध आणि बचावासाठी हवाई मदत लागली तर कोणतं विमान मागायचं आणि कोणतं भाड्यानं घ्यायचं. माझी सगळी नोकरी हवाई दलात, हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. आता नागपूरच्या सोमलवाड्यात निवांत आहे, म्हणून त्यानं फोन करून सरळच विचारलं, "मामा, सगळ्यात चांगलं कोणतं?"

मी म्हटलं, कशासाठी चांगलं? शोधायला की उचलायला?

ही दोन कामं आहेत आणि दोन्हींना एकच यंत्र पुरत नाही. ३ जून २०१९ ला जोरहाटहून निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान अरुणाचलात बेपत्ता झालं. शोधायला सुखोई लढाऊ विमानं निघाली, सी-१३०जे हे मोठं मालवाहू निघालं, नौदलाचं पी-८आय थेट तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून आलं, इस्रोचे उपग्रहही लावले. आठव्या दिवशी, ११ जूनला, अवशेष दिसले ते एका मि-१७ हेलिकॉप्टरला. म्हणून मोठी विमानं वाया गेली असं नाही. खूप मोठा टापू कमी वेळात चाळायचा तर तीच लागतात. पण ढगाखाली उतरून दरीत डोकावायचं काम हळू उडणाऱ्याचं.

आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानांचा विषय दोन ओळींत संपवतो. तटरक्षक दलाचं डॉर्नियर २२८ किंवा नौदलाचं पी-८आय ही समुद्रावर बोट हुडकायची साधनं. जपानचं यूएस-२ हे पाण्यावर उतरणारं विमान तर तीन मीटरच्या लाटांतही उतरतं, पल्ला ४,७०० किलोमीटरचा. भारतानं ते घ्यावं की नाही यावर अनेक वर्षं बोलणी झाली, घेतलं मात्र नाही. भाच्याला म्हटलं, तोतलाडोहच्या धरणात उतरवून फोटो चांगला येईल, बाकी आपल्याला त्याचा उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. हवाई दलाकडे मदत मागितली तर बहुधा मि-१७ व्ही५ हेलिकॉप्टर येतं, नाहीतर ध्रुव हे लहान हेलिकॉप्टर. ही भाड्यानं घ्यायची वस्तू नव्हे. जिल्ह्यानं राज्याकडे सांगायचं आणि राज्यानं पुढे मागायचं, अशी ती वाट. तरीही काय मागतोय हे माहीत असलेलं बरं.

मि-१७ म्हणजे आपली एसटी. कमाल वजन १३ टन, दोन इंजिनं, आत ३६ माणसं किंवा चार टन सामान. मागचं दार मोठं, त्यातून पिठाची पोती, पाण्याच्या कॅन, म्हाताऱ्या माणसाची बाज, सगळं जातं. ध्रुव साडेपाच टनांचं, तेही दोन इंजिनांचं, माणसं बारा-चौदा. एखादं गाव पाण्यानं वेढलंय, जवळ शाळेचं मैदान कोरडं आहे आणि दोनशे लोक काढायचेत, तर मि-१७ ला तोड नाही. सहा-सात फेऱ्यांत काम होतं. ध्रुवला तेच करायला दिवस जाईल.

पण मैदान कोरडं नसेल तर चित्र बदलतं. माणसं छपरावर आहेत, उतरायला जागा नाही, म्हणजे एका जागी तरंगत राहून विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, एकेकाला ओढून घ्यायचं. तेरा टनांचं यंत्र हवेत धरून ठेवायचं तर रोटरखाली वाऱ्याचा मोठा दाब तयार होतो. आपल्याकडची घरं कवेलूची नाहीतर टिनाची. कवेलू पत्त्यांसारखे उडतात आणि सुटलेला पत्रा तर विळाच. झाडाला धरून बसलेल्या माणसाचा हातही सुटू शकतो. ध्रुव हलकं असल्यानं हा त्रास कमी होतो, संपत मात्र नाही. एप्रिल २०२२ मध्ये देवघरच्या त्रिकूट रोपवेत लोक अडकले, तेव्हा हवाई दलानं हेलिकॉप्टरमधून खूप माणसं काढली, पण उचलताना दोघं खाली पडून दगावले. कुशल हातांतही विंच हे असं काम आहे. एका वेळी एक, फार तर दोन माणसं वर येतात आणि प्रत्येक फेरीला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ वैमानिकाला यंत्र एका जागी स्थिर ठेवावं लागतं, तेही पावसात.

मग ध्रुवच मागावं का? माझं उत्तर होतं, माग, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नकोस. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि देशातल्या सगळ्या ध्रुवचं उड्डाण थांबवलं गेलं. लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवना पुन्हा उडायची परवानगी मिळायला मे उजाडला. आमच्या धंद्यात हीच पहिली तुलना असते. पुस्तकातला वेग नव्हे, आज सकाळी हँगरमध्ये सर्व्हिसेबल, म्हणजे उडण्याजोगी, किती आहेत. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे या शहरात हे वाक्य ऐकून कुणाला नवल वाटत नाही.

इंधनाचा हिशेब मी त्याला कागदावर करायला लावला. नागपूर ते गडचिरोलीतलं भामरागड हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, हे त्याला सांगायला नको. मि-१७ चा वेग ताशी २३० धरला तर एक तासाहून थोडं जास्त लागतं. साध्या टाक्यांवर पल्ला साधारण ६०० किलोमीटर. जाऊन-येऊन ५०० झाले. उरलेल्यात तिथं फिरून शोधायचं, तरंगायचं आणि राखीव इंधनही ठेवायचं. जमत नाही. जादा टाक्या बसवता येतात, पण त्या माणसांच्याच जागेत बसतात. म्हणजे गडचिरोलीला किंवा अहेरीला इंधनाची सोय आधी करून ठेवायची. टिपणात हे वाक्य हेलिकॉप्टरच्या नावाच्या वर यायला पाहिजे.

चीता आणि चेतक या लहान हेलिकॉप्टरांबद्दल त्यानं विचारलं. चीता डोंगरातलं हरिण आहे. त्याच्याच फ्रेंच मूळ आवृत्तीनं, लामानं, १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती. पण आपल्याला उंचीचं काय करायचंय? नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. दोन्हींना इंजिन एकच आणि माणसं चार-सहा. घरांवर तरंगताना एक इंजिन बंद पडलं तर दुसरं नाही. पाहणीला ठीक, उचलायला नको.

भाड्यानं घ्यायची असतील तर खरी स्पर्धा एच१४५ आणि एडब्ल्यू१३९ या दोन हेलिकॉप्टरांमध्ये आहे. दोघांनाही दोन इंजिनं, दोघांवरही विंच बसते. एडब्ल्यू१३९ साडेसहा ते सात टनांचं, पंधरा प्रवासी, ताशी ३०० किलोमीटरच्या जवळ जातं. परदेशातली कित्येक तटरक्षक दलं तेच वापरतात. एच१४५ पावणेचार टनांचं, माणसं आठ-दहा, वेग कमी. तरी माझं मत एच१४५ कडे. त्याचा शेपटीचा पंखा गोल कवचात असतो. घाबरलेली गर्दी धावत येते तेव्हा उघडा फिरणारा पंखा कुणाला दिसत नाही. शिवाय ते हलकं असल्यानं खालचा वारा कमी, लहान जागेत उतरतं आणि स्ट्रेचर मागच्या दारानं सरळ आत जातो. अंतर जास्त आणि माणसंही जास्त असतील तर एडब्ल्यू१३९. पण तेवढी मोठी गरज पडली तर मि-१७ बोलवायचंच आहे, मग मधल्या आकाराचे पैसे कशाला?

ड्रोनचं तो फार कौतुक करत होता. बॅटरीवरचा ड्रोन अर्धा-पाऊण तास उडतो. उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर रात्री पाण्यातल्या झाडावरचा माणूस सापडतो, हे खरं. दाट जंगलाखाली आणि मुसळधार पावसात मात्र तो आंधळा. आणि हेलिकॉप्टर आलं की ड्रोन खाली आलाच पाहिजे, हे लेखी ठरवून घ्यायला सांगितलं. एका आभाळात दोघं नकोत. त्याच्या जिल्ह्याच्या खर्चात दोन-तीन चांगले ड्रोन आणि ते चालवणारी शिकलेली पोरं बसतात. शोधायच्या कामाचा मोठा वाटा तेच उचलतील.

आणि पाण्यात चालणारी नाव विसरू नकोस म्हटलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउटच्या गल्ल्यांत, विजेच्या तारांच्या जाळ्यात, कोणतंही हेलिकॉप्टर काही करू शकलं नसतं. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या जवानांनी नावांतूनच लोक काढले. वैनगंगेच्या काठचं मोठं गाव वेगळं आणि शहरातली वस्ती वेगळी.

शेवटी त्याचं टिपण असं ठरलं: ड्रोन आणि रबरी नावा जिल्ह्याच्या स्वतःच्या. चार महिन्यांसाठी विंच असलेलं, दोन इंजिनांचं हलकं हेलिकॉप्टर भाड्यानं. गाव उचलायची वेळ आली तर मि-१७ ची मागणी, त्यासाठी उतरायच्या मैदानांची अक्षांश-रेखांशासह यादी आधीच तयार. भाड्याच्या कंपनीला विचारायचे प्रश्न मी सांगितले. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये किती दिवस यंत्र उडण्याजोगं होतं? विंच चालवणारा माणूस कायमचा आहे की ऐनवेळी शोधणार? त्यानं शेवटचा सराव कधी केला? सुटे भाग कुठून येतात आणि किती दिवसांत? ही उत्तरं लेखी आली की मगच भाड्याचा आकडा बघायचा.