पीजी स्टॅट स्टेटमेंट्स: कापसाचा अख्खा हंगाम वापरल्यानंतर

धरणगाव, चोपडा, जामनेरकडच्या जिनिंगवाल्यांसाठी आम्ही काटापावती आणि शेतकऱ्यांच्या हिशोबाचं अॅप चालवतो. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं, मागे डेटाबेस पोस्टग्रेस १६. दिवाळीनंतर आवक वाढली की मुनीमजींचा फोन ठरलेला: "भो, पावती निघत नाहीये, गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागलीय." पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या सर्व्हरपायी ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही, म्हणून डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा, म्हणजे क्वेऱ्यांचा, हिशोब ठेवणाऱ्या पीजी स्टॅट स्टेटमेंट्स या एक्स्टेन्शनबद्दल एवढं सविस्तर लिहितोय.

आधी भिस्त स्लो क्वेरी लॉगवर होती. एक सेकंदाच्या वर गेलेली क्वेरी नोंदवायची, एवढंच. त्यात सापडायचे ते महिनाअखेरचे रिपोर्ट, आणि ते रात्री चालतात. त्यांचा कोणालाच त्रास नव्हता.

पीजी स्टॅट स्टेटमेंट्स पोस्टग्रेससोबतच येतं, वेगळे पैसे नाहीत. शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज या सेटिंगमध्ये नाव घालून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, मग क्रिएट एक्स्टेन्शन ही कमांड. ते प्रत्येक क्वेरीतल्या व्हॅल्यूज (नंबर, तारीख, नाव) बाजूला काढून सारख्या क्वेऱ्या एका ओळीत जमा करतं: किती वेळा चालली, एकूण किती मिलिसेकंद, सरासरी किती.

सरासरीने नव्हे, एकूण वेळेने यादी लावा. माझ्या मते सगळी किंमत याच एका सवयीत आहे. आमच्या यादीत सगळ्यात वर आली ती शेतकऱ्याचं नाव-गाव आणणारी साधी क्वेरी, सरासरी एक मिलिसेकंदाच्याही आत. पण ती चालण्याचा आकडा प्रचंड होता. पन्नास पावत्यांची यादी उघडली की यादीची एक आणि प्रत्येक पावतीमागे एक, अशा एक्कावन्न क्वेऱ्या. थेंबे थेंबे तळे साचे, आणि स्लो लॉगला त्यातला एकही थेंब दिसत नाही. लॅराव्हेलचं 'विथ' लावून नावं एकदम आणली, शिवाय डेव्हलपमेंटमध्ये प्रिव्हेंट लेझी लोडिंग (असं एकेक करून आणायला मज्जाव) चालू केलं. आता असा कोड लिहिला की तिथेच एक्सेप्शन येतो.

दुसरी सापडलेली गोष्ट जास्त शिकवून गेली. 'आजच्या पावत्या' या पानासाठी व्हेअर-डेट (तारखेने गाळायची लॅराव्हेलची अट) वापरलं होतं. लॅराव्हेल पोस्टग्रेसवर त्याचं रूपांतर कॉलमच डेटमध्ये बदलून तुलना करण्यात करतं, त्यामुळे त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून ठेवलेली सूची) कामाला येत नाही. क्वेरी कशी चालली हे दाखवणाऱ्या एक्सप्लेन अॅनलाइझमध्ये सिक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) ढळढळीत दिसला. आजच्या सुरुवातीपासून उद्याच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत, अशी अट लिहिली आणि इंडेक्स लगेच वापरात आला. मायएसक्यूएलवरून येणाऱ्यांनी आणखी एक जपावं: तिथे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन फॉरेन की-ला (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमला) इंडेक्स आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही.

उणिवाही आहेत. क्वेरी कशी चालवली याचा प्लॅन मिळत नाही, त्यासाठी ऑटो एक्सप्लेन हे वेगळं मॉड्यूल लागतं. क्वेरी कुठल्या पानाची हे कळत नाही. आम्ही रिपोर्टसाठी वेगळा डेटाबेस युजर केला, त्यामुळे निदान त्यांच्या ओळी वेगळ्या पडतात. सगळ्यात खटकणारी बाब म्हणजे टाइमआउट होऊन तुटलेली क्वेरी यात मोजलीच जात नाही. म्हणजे सगळ्यात वाईट क्वेरीच यादीतून गायब! त्यामुळे एरर लॉग पाहणं काही सुटत नाही.

आकडे नुसते साठत जातात, तारीखवार इतिहास नसतो. आम्ही रोज रात्री त्यांची प्रत एका टेबलात टाकतो आणि दोन दिवसांतला फरक काढतो. पोस्टग्रेस वापरणाऱ्या प्रत्येकाने हे बसवावंच, आणि तेही खरेदी सुरू होण्याच्या आधी. ऐन गर्दीत सर्व्हर रीस्टार्ट करायला कोणता जिनिंगवाला परवानगी देईल?