रविवारची एक मोठी राइड की रोजचा तासभर? २०० च्या तयारीचे दोन मार्ग

सायकलवर पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात आणि आता २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किलोमीटरची राइड, खुणावतेय, अशा टप्प्यावर तयारीचे ढोबळमानाने दोन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे आठवडाभर सायकलला हात लावायचा नाही आणि रविवारी पहाटे निघून एकच दणदणीत राइड मारायची. ६०, ७५, ९०, ११० असं अंतर वाढवत न्यायचं. दुसरा, आठवड्यातले चार-पाच दिवस तासभर चालवायची आणि लांबची राइड दोन-तीन आठवड्यांतून एकदाच काढायची. मी दोन्ही करून पाहिलेत. कोणती सायकल, किती गिअर, टायर केवढे, हा काथ्याकूट तुमचा एव्हाना उरकला असेलच.

रविवारवाल्यांची बाजू मुळीच लंगडी नाही. लांब अंतरावर जे शिकायचं असतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पहिले दीड-दोन तास शरीरात साठवलेल्या साखरेवर निभावून जातात, काय खाल्लं आणि कधी खाल्लं याने फारसं बिघडत नाही. खरी गंमत त्यानंतर. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, हे आपण वाचलेलं असतं. पण पाचव्या तासाला गोडाचा वासही नकोसा झाला की ते घशाखाली कसं ढकलायचं, हे तासाभराच्या राइडमध्ये कसं समजणार? मान कधी आखडते, करंगळी कधी बधिर होते, पंक्चर काढून पुन्हा निघताना पाय किती जड पडतात, हा सगळा अभ्यासक्रम ऐंशीच्या पुढचा आहे. शिवाय रोजच्या सकाळी मोकळ्या राहतात, घरचेही कुरकुर करत नाहीत.

दमाचं म्हणाल तर मला रोजच्या राइडचं पारडं थोडं जड वाटतं. बोलता येईल इतपत वेगाने वारंवार चालवलं की दम हळूहळू वाढतो. आठवड्यातून एकदाच पिळून काढलं की निम्मा आठवडा भरून निघण्यात जातो. मात्र रविवारच्या मार्गानेही दम वाढतोच. तेवढ्यावर मी कुणाला मार्ग बदलायला सांगणार नाही.

माझा निर्णय झाला तो बुडामुळे. हसू येईल, पण तेच खरं. रविवारच्या राइडला चौथ्या तासाच्या आसपास एक वेळ यायची. पॅडलवर उभं राहिलं की स्वर्ग, आणि परत सॅडलवर टेकताना तो पहिला क्षण दात-ओठ खाऊन काढायचा. मग दर पाच मिनिटांनी उभं राहणं सुरू, त्याने मांड्या संपायच्या, मांड्या संपल्या की आणखी जड बसणं. सोमवारी खुर्चीवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसायचं. गुरुवारपर्यंत सगळं बरं व्हायचं, आणि इथेच मेख आहे: बरं होता होता सवयही मोडायची. पुढच्या रविवारी बुडाच्या लेखी पुन्हा पहिला दिवस. अंतर वाढत होतं, पाय तयार होत होते, बूड मात्र बालवाडीतच.

पॅडवाली चांगली शॉर्ट, क्रीम, सॅडलची उंची, सगळं करून झालं. फरक पडला, नाही असं नाही. (मऊ गादीवाल्या सॅडलच्या नादी मात्र लागू नका. बसायची हाडं त्यात रुततात आणि भार भलत्या नाजूक जागी येतो.) रोज तासभर चालवायला लागल्यावर काही आठवड्यांत ही कटकट कधी गेली ते कळलंही नाही. एका लांब राइडला बराच वेळ झाला तरी आपण उभे राहिलो नाही, हे लक्षात आलं तेव्हा उलगडा झाला. याची दोन कारणं असावीत असं मला वाटतं. थोडा-थोडा दाब रोज पडल्याने ती जागा सरावते. आणि पाय ताजे असतील तर शरीराचा बराचसा भार पॅडलवर जातो, सॅडलवर तेवढा कमी येतो. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण वेगळी, त्यामुळे तुम्हाला हा त्रास नसेलही.

पण २०० च्या दृष्टीने याचा हिशोब करून बघा. वेळ मिळतो १३ तास ३० मिनिटं. ताशी वीसच्या सरासरीने चाक फिरत राहिलं तर दहा तासांत अंतर संपतं, म्हणजे साडेतीन तास हाताशी उरतात. वेगाची अडचण बहुतेकांना नसतेच. बसवत नाही म्हणून इथे दहा मिनिटं, तिथे पंधरा मिनिटं थांबत गेलं की ते साडेतीन तास झिरपून जातात. पुढे ३००, ४००, ६०० असं त्याच वर्षात करून सुपर रँडोनियर (चारही ब्रेव्हे करणाऱ्याला मिळणारा किताब) व्हायचा विचार असेल तर वेळेची मर्यादाच २०, २७, ४० तास अशी चढत जाते. तिथे हा प्रश्न टाळून चालतच नाही.

रोजच्या मार्गाच्याही कटकटी आहेत. कपडे धुण्याचं काम वाढतं, तोच रस्ता बघून कंटाळा येतो. सगळ्यात वाईट म्हणजे रोजच्या तासाची शर्यत होते. वेळ थोडा म्हणून माणूस जोरात हाणतो आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. दम लवकर वाढतो, कंडरा आणि सांधे त्यामानाने सावकाश तयार होतात. आणि नुसत्या तासाभराच्या राइडवर २०० ला उभं राहू नये. आधी निदान एकदा १२०-१५० झालेलं असावं, खाण्यापिण्याची तालीम तरी होते.

कामाच्या पाळ्या बदलत असतील किंवा एकदाच २०० करून बघायची हौस असेल, तर रविवारचा मार्ग खुशाल धरा, होऊन जाईल. फक्त बुधवारच्या सुमारास चाळीसेक मिनिटं सॅडलवर बसा. घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बसलात तरी चालेल, पण तिथे सायकल हलत नाही, खड्ड्यासाठी उठणं होत नाही, दाब एकाच जागी राहतो. रस्त्यावरच्यापेक्षा ते जास्तच टोचतं.

शेवटच्या आठवड्यात मात्र दोन्हीकडचं गणित सारखंच: अंतर निम्म्यावर आणा, पाय फिरते ठेवा, आणि नवीन शॉर्ट किंवा नवीन सॅडल त्या आठवड्यात काढू नका.