पहिली नोकरी मनासारखी नाही: टिकावे की सोडावी?

मुलाखतीत सांगितलेले काम एक आणि पदरी पडलेले काम दुसरेच, हा अनुभव पहिल्या नोकरीत अनेकांना येतो. ती सोडावी की नाही हे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: निराशा या जागेमुळे आहे, की आयुष्यातील ही पहिलीच नोकरी असल्यामुळे? कॉलेजात अभ्यासक्रम आखून दिलेला असतो आणि ठरावीक काळाने निकाल लागतो. नोकरीत मात्र आपले काम कसे चालले आहे, हे महिनोन्‌महिने कोणी सांगत नाही. ही पोकळी जागा बदलली तरी बहुधा सोबत येते.

या बाबतीत मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांची १९५९ सालची मांडणी उपयोगी पडते. अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून त्यांनी असे मांडले की पगार, देखरेख आणि कंपनीची धोरणे यांच्यामुळे मुख्यतः असमाधान निर्माण होते, तर खरे समाधान कामातील यश, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम यांतून मिळते. या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. तरीही आपल्या तक्रारींची विभागणी करण्यापुरता तो पुरेसा आहे. तक्रार वरिष्ठाची किंवा पगाराची असेल, तर त्याच क्षेत्रातील दुसरी कंपनी हा उपाय ठरू शकतो. कामच नकोसे झाले असेल, तर कंपनी बदलून फारसे काही साधत नाही. तेथे क्षेत्र बदलण्याचाच विचार करावा लागतो.

टिकून राहण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा शिकण्याचा आहे, आणि तो ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. आपण तयार केलेला अहवाल वरिष्ठ चुका दाखवून परत पाठवतात, की स्वतःच दुरुस्त करून परस्पर पुढे धाडतात? पहिल्या ठिकाणी बोलणी खावी लागली तरी हाती काही लागते. दुसऱ्या ठिकाणी वागणूक कितीही गोड असली, तरी वर्षभराने बायोडेटात लिहिण्याजोगे काही उरत नाही, आणि माझ्या मते असे सुखाचे साचलेपण कडक साहेबापेक्षा अधिक घातक असते.

सोडण्याच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांच्या १९९२ सालच्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेतील तरुण पुरुषांच्या पहिल्या दहा वर्षांतील वेतनवाढीपैकी किमान एक तृतीयांश वाढ नोकरी बदलताना झाली होती. मात्र ही वाढ अधिक जुळणारे काम मिळाल्याची आहे, नुसता राजीनामा दिल्याची नव्हे. शिवाय वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली व्यवस्थापकांच्या पाहणीतून दाखवले की नोकरी बदलल्यावर समाधान वाढते आणि नव्याची नवलाई ओसरल्यावर पुन्हा घटते. म्हणून आजच्या नोकरीची तुलना नव्या जागेच्या नवलाईशी न करता, तेथील नेहमीच्या दिवसाशी करावी. त्यासाठी तेथे काम करणाऱ्या एखाद्याशी सविस्तर बोलणे मुलाखतीपेक्षा जास्त कामाचे ठरते.

दुसरी ऑफर हातात नसताना सोडणे हा तिसरा पर्याय होय. त्यात शोधासाठी वेळ मिळतो, पण शिल्लक संपत आली की मिळेल ती नोकरी स्वीकारण्याचा दबाव वाढतो आणि पगाराची बोलणी करताना बाजू लंगडी पडते. पगार थकवला जात असेल, छळ होत असेल, प्रकृती ढासळत असेल किंवा खोट्या नोंदी करायला भाग पाडले जात असेल, तर मात्र ही तुलना करत बसू नये. तेथून लवकरात लवकर बाहेर पडावे.

राहायचे ठरल्यास नेमके काय बदलायला हवे ते वरिष्ठांना स्पष्ट सांगून, ते कोणत्या तारखेपर्यंत बदलावे हे स्वतःपुरते लिहून ठेवावे. सोडायचे ठरल्यास नोटीस पिरियड, बाँडची अट आणि अनुभव प्रमाणपत्राबाबतचा नियम राजीनामा देण्यापूर्वीच करारात वाचून घ्यावा.