माझ्या लॉगबुकातला चिलर

आमच्या इमारतीत चिलर, म्हणजे सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, नव्हताच. तरी माझ्या लॉगबुकाप्रमाणे मी त्याच्या कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, नळ्या वर्षात दोनदा ब्रशने साफ केल्या होत्या.

बिल्डिंग मेंटेनन्समध्ये अप्रेंटिस म्हणून एका कंत्राटदाराकडे लागलो. एसी, पंप, वीज, अग्निशमन असं सगळं आळीपाळीने शिकवू, वर्षाच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र, असं ठरलं होतं. सुरुवातीलाच ‘नोंदणी आणि टूलकिट’ म्हणून पैसे घेतले. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळायचं असतं, इथे मीच भरत होतो. टूलकिटमधून एक टेस्टर आणि दोन पाने निघाले.

मग वर्षभर काय केलं? ट्यूबलाइट बदलल्या, खुर्च्या हलवल्या, तुंबलेली बेसिनं मोकळी केली, रात्रपाळीला गेटवर बसलो. या कामांना मी नावं ठेवत नाही, पण ती शिकायला वर्ष लागत नाही. पंप रूमची किल्ली मागितली की “अजून वेळ आहे” हे उत्तर ठरलेलं. आतला जॉकी पंप, म्हणजे अग्निशमनाच्या पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद व्हायचा. मी दाराबाहेर तो आवाज ऐकून समजायचो, यंत्रणा जागी आहे. लाइनमध्ये गळती असली किंवा पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नसला की असं होतं, हे मला पुढे दुसरीकडे कळलं.

पैशांपेक्षा मला सलतं ते लॉगबुक. महिनाअखेरीला सुपरवायझर ते भरूनच आणायचा. “सही कर, सगळेच करतात.” मी करायचो. एका पानावर लिहिलं होतं, ‘पॅनल आयसोलेट केलं, लॉकआउट-टॅगआउट केलं, व्होल्टेज नसल्याची खात्री केली.’ म्हणजे वीज तोडून, ती कुणी परत सुरू करू नये म्हणून कुलूप आणि सूचनेची पट्टी लावली. ते पान खरं मानून कुणी मला एकट्याला पॅनलवर पाठवलं असतं, तर?

नोकरीच्या मुलाखतीत एका जुन्या इंजिनिअरने वही चाळली. “चिलर वॉटर-कूल्ड की एअर-कूल्ड?” मी अंदाजाने म्हटलं, एअर-कूल्ड. “मग नळ्या कुठल्या घासल्यास? त्याला बाहेरून कॉइल धुतात.” पुढचा प्रश्न आलाच नाही. प्रमाणपत्रही कंत्राटदाराच्या स्वतःच्या लेटरहेडवर होतं आणि माझा करार कुठेही नोंदवलेला नव्हता.

तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर कराराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो नोंदणी करणाऱ्या कार्यालयातून स्वतः तपासा. “प्रोसेसमध्ये आहे” यावर महिने काढू नका. परीक्षा कोण घेणार, बाहेरचा माणूस की तोच सुपरवायझर, हे विचारा. रुजू होण्याआधी प्लांट रूम बघायला मागा आणि तुम्हाला हाताखाली घेणाऱ्या तंत्रज्ञाशी तिथेच दोन शब्द बोला. असा तंत्रज्ञच नसेल तर तिथूनच परत फिरा. लॉगबुक रोज स्वतःच्या अक्षरात लिहा, त्यात झालेलंच काम येऊ द्या, आणि कोऱ्या किंवा दुसऱ्याने भरलेल्या पानावर सही करू नका, सुपरवायझर कितीही गोड बोलला तरी.

तक्रार द्यायला गेलो, तेव्हा समोरच्याने वही उलटसुलट करून विचारलं, “या सह्या कुणाच्या?”

माझ्याच होत्या. त्याने तक्रार लिहून घेतली, पण फक्त टूलकिटच्या पैशांची.