गिलाव्याआधी स्लॅबला काय लावायचं: लेटेक्स की दाणेदार प्रायमर?

दोन्ही डब्यांवर ‘बाँडिंग’ असंच लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो. एसबीआर लेटेक्स म्हणजे दुधासारखं पातळ कृत्रिम रबर. ते सिमेंट-पाण्यात मिसळून जो घोळ (स्लरी) होतो, तो ओला, चिकट असतानाच त्यावर गिलावा चढवायचा. वाळूचे कण असलेला तयार प्रायमर मात्र पूर्ण वाळू द्यायचा. यात अदलाबदल झाली की थापीच्या दांड्याने ठोकल्यावर छत पोकळ बोलतं, म्हणजे गिलावा आतून सुटलेला असतो.

सिमेंट-वाळूच्या गिलाव्याला लेटेक्सची पकड जबरदस्त आहे. साधारण १ भाग लेटेक्स, १ भाग पाणी, ३ भाग सिमेंट. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. स्लॅब आधी भिजवा, पण पाण्याची चकाकी जाऊ द्या. मग ताठ केसांच्या ब्रशने स्लरी घासून बसवा. रंगासारखी अलगद फासली तर ती बारीक छिद्रांत शिरतच नाही. अडचण एकच, वेळेची. वाऱ्यात ती बघता बघता सुकते, आणि सुकलेल्या लेटेक्सचा गुळगुळीत पापुद्रा गिलाव्याला धरत नाही, उलट सोडवतो. त्यामुळे एकाने स्लरी लावावी, दुसऱ्याने मागोमाग गिलाव्याचा माल मारावा. एकट्या नवशिक्याने छताला हा प्रयोग करू नये.

दाणेदार प्रायमर जास्त सांभाळून घेतो. तो मुख्यतः जिप्सम गिलाव्यासाठी असतो. सिमेंटच्या गिलाव्याखाली चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलं असेल तरच वापरा. कण तळाशी बसतात, म्हणून काम संपेपर्यंत अधूनमधून ढवळत राहायचं. नाहीतर अर्ध्या छताला नुसता रंग लागतो आणि उरलेली वाळू बादलीत राहते. वाळल्यावर तळहात फिरवून बघा: पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे.

(सुतारकामाचा पांढरा गोंद पातळ करून लावण्याचा सल्लाही मिळेल. ओल आली की तो पुन्हा मऊ पडतो. नकोच.)

शटरिंगचं तेल (काँक्रीट साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं), जुना चुना, सुटलेला डिस्टेंपर यांच्यावर दोन्ही डबे फुकट. काँक्रीटवर पाणी शिंपडा. थेंब गोळा होऊन ओघळले, तर तेल आहे. तारेचा ब्रश आणि डिटर्जंटने घासून स्वच्छ धुवा. तरी थेंब तसेच राहिले तर छन्नीने टाचे मारून (जवळजवळ खाचा पाडून) पृष्ठभाग खरखरीत करण्यावाचून गत्यंतर नाही.

विटांच्या भिंतीला यातलं काही लागत नाही. सांधे १० मिमी खोल खरवडायचे, धूळ झाडायची, पाणी मारायचं, बस्स. पण वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात ती चीर कुठलाही डबा थांबवत नाही. तिथे दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी हवी, तीही खिळ्यांनी ताणून. सैल जाळी थापीखाली उसळते आणि तिच्यामागे माल भरतच नाही.